मन ओलीस राहते तेव्हा

वाराणसीतील ‘डिजिटल अटके’च्या निमित्ताने

काशी ही मोक्षाची नगरी. मराठी मनात तिचे स्थान विशेष आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या नांदली. परंतु या पुण्यनगरीच्या लौकिकाला दुसरीही बाजू आहे. ‘बनारसी ठग’ हा शब्दप्रयोग उत्तर भारतात सर्वपरिचित आहे. दूरदेशीहून आलेला, श्रद्धेने भारावलेला आणि स्थानिक रीतीभातींशी अपरिचित असा यात्रेकरू गोड बोलणाऱ्याच्या हाती सहज सापडे.

एकोणिसाव्या शतकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या टोळ्यांविरुद्ध मोहीम चालविली. त्या काळच्या वर्णनांपैकी किती खरी व किती रंगविलेली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र त्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. टोळीत प्रवाशाशी मैत्री जोडून त्याचा विश्वास संपादन करणारा एक स्वतंत्र माणूस असे. बळाचा वापर फार नंतर होई. आधी मन ताब्यात घेतले जाई. आजच्या ठगाला तर बळाची गरजच उरलेली नाही.

भीतीचे पाच पदर

मार्च २०२४ मध्ये वाराणसीतील एका सेवानिवृत्त शिक्षिकेला प्रथम दूरसंचार नियामकाच्या नावाने आणि नंतर पोलिसांच्या नावाने दूरध्वनी आले. काही दिवसांतच त्यांच्या खात्यांतून ३ कोटी ५५ लाख रुपये गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच शहरात नौदलातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याची सुमारे ९८ लाख रुपयांची फसवणूक झाली. कोणी कुलूप तोडले नाही की शस्त्र दाखविले नाही. या प्रकाराला ‘डिजिटल अटक’ म्हणतात.

अशा घटना तपासून पाहिल्या तर त्यांचा क्रम जवळजवळ ठरलेला दिसतो. पहिला पदर आरोपाचा : ‘आपल्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डाचा गुन्ह्यात वापर झाला आहे.’ दुसरा अधिकाराच्या देखाव्याचा : गणवेश, राजमुद्रा, बनावट वॉरंट. तिसरा एकांताचा : कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचे नाही. चौथा थकव्याचा : तासन्‌तास, कधी कधी अनेक दिवस चालणारी चौकशी. आणि पाचवा, सर्वांत धूर्त पदर आशेचा : ‘रक्कम पडताळणीसाठी पाठवा, आपण निर्दोष ठरताच परत मिळेल.’ धमकी देणारा तोच आणि सुटकेचा मार्ग दाखविणाराही तोच! घाबरलेले मन त्याच्यावरच विसंबू लागते.

शहाणी माणसे का फसतात?

‘एवढी शिकलेली माणसे अशी कशी फसली?’ हा प्रश्न सर्वांनाच पडतो. त्याचे उत्तर बुद्धीपेक्षा मनाच्या घडणीत आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्राम यांनी एक प्रयोग केला. सामान्य नागरिकांना, दुसऱ्या माणसाचे उत्तर चुकले की त्याला विजेचा धक्का द्या, असे सांगण्यात आले. धक्के खोटे होते, समोरचा माणूस अभिनय करीत होता. परंतु सहभागींना ते ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेचा डगला घातलेल्या व्यक्तीच्या शांत आज्ञेवरून ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. ही माणसे क्रूर नव्हती. अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणणे त्यांना जमले नाही.

त्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांचे चीनमधील सक्तीच्या ‘विचारसुधारणे’वरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मनावर ताबा मिळविण्याची जी लक्षणे त्यांनी नोंदविली, त्यांत पहिले होते माणसाचा बाहेरच्या जगाशी होणारा संवाद नियंत्रित करणे. तेथे त्यासाठी तुरुंगाच्या भिंती होत्या. येथे मोबाईलचा पडदा पुरतो. आयुष्यभर कायदा पाळणारा, अब्रूला जपणारा माणूस या सापळ्यात लवकर अडकतो, कारण त्याला आरोपाचीच भीती सर्वाधिक वाटते. २०२४ मध्ये लुधियानाचे ज्येष्ठ उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना तर सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणीच पडद्यावर दाखविण्यात आली आणि त्यांचे ७ कोटी रुपये गेले.

व्याप्ती आणि उपाय

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, डिजिटल अटक व तत्सम गुन्ह्यांची संख्या २०२२ मधील सुमारे ४० हजारांवरून २०२४ मध्ये १ लाख २३ हजारांवर गेली. गमावलेली रक्कम ९१ कोटींवरून १,९३५ कोटी रुपयांवर पोहोचली. वाराणसीचे खासदार असलेल्या पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये यावर थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असा त्रिसूत्री उपाय सांगितला. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

मूळ गोष्ट अगदी साधी आहे. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतातील कोणत्याही कायद्यात नाही. कोणतीही तपास यंत्रणा ‘पडताळणी’साठी पैसे मागत नाही. असा कॉल आल्यास तो बंद करणे, घरातील माणसाला तत्काळ सांगणे आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करणे आवश्यक आहे. पहिले काही तास मोलाचे असतात. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती गोठविता येते. ही पुढची खाती बहुधा थोड्या पैशांच्या मोहाने कोणीतरी वापरायला दिलेली असतात, हेही ग्राहकांनी ध्यानात ठेवावे. आपले खाते दुसऱ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे ठगाच्या टोळीत नकळत सामील होणेच होय.

शाखेतील कर्मचाऱ्यांची भूमिकाही येथे महत्त्वाची ठरते. मुदतठेव अचानक मोडणारा, कारण विचारताच गडबडणारा, सतत मोबाईल कानाशी धरलेला वयस्कर ग्राहक दिसला तर दोन आपुलकीचे प्रश्न विचारणे हा आगाऊपणा नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबाद येथे स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी अशाच सजगतेने एका ज्येष्ठ ग्राहकाचे १३ लाख रुपये वाचविले.

ठगाचे सारे बळ एकांतात असते. तिसऱ्या माणसाचा आवाज त्या संभाषणात शिरला की भीतीची पकड सुटू लागते. तो आवाज शेजाऱ्याचा असेल, मुलीचा असेल किंवा काउंटरपलीकडच्या कर्मचाऱ्याचा असेल. फसलेल्या माणसाला मूर्ख ठरविणाऱ्या समाजात मात्र तो आवाज कोणी मागत नाही. म्हणूनच अशा माणसाची थट्टा न करता त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हाही या संरक्षणाचाच एक भाग आहे.