स्लिम, थिन की स्किनी?

हल्ली मुलीचं स्थळ वेबसाइटवर नोंदवायचं म्हटलं की नाव, शिक्षण, उंची झाल्यावर एक रकाना हमखास येतो, ‘बॉडी टाइप’. त्यात बहुतेक ठिकाणी चारच पर्याय असतात: स्लिम, ॲव्हरेज, ॲथलेटिक आणि हेवी. आमच्या नांदेडात काय किंवा तिकडं लातुरात काय, या रकान्यापाशी आई, मावशी आणि मुलगी तिघींची जुंपतेच. आई म्हणते, ‘‘स्लिम टाक.’’ मुलगी म्हणते, ‘‘अगं, मी कुठं स्लिम आहे?’’ मावशी म्हणते, ‘‘मग काय हेवी टाकती? कोण विचारील तुला?’’ शेवटी स्लिमच टाकलं जातं.

या चारांत सगळ्यात जास्त अन्याय होतो तो ‘ॲथलेटिक’वर. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणाऱ्या मुली तुम्हीही पाहिल्या असतील. पाठ ताठ, पोटऱ्यांत बळ, अंगावर फालतू चरबी नाही. आपल्याकडे याला किती छान शब्द आहे, काटक! पण ॲथलेटिक लिहिलं तर मुलाकडचे पोरीला पैलवान समजतील, अशी आयांना भीती वाटते.

खरं तर स्लिम म्हणजे नुसतं बारीक नव्हे. स्लिम ही तारीफ आहे, आपलं सडपातळ. ‘स्लेंडर’ तिचीच बहीण, पण जरा ठेवणीतली. शेलाटी, चवळीच्या शेंगेसारखी मुलगी डोळ्यांपुढं आणा, म्हणजे झालं. ‘पेटीट’ म्हणजे नाजूक चणीची आणि उंचीनंही कमी. म्हणून साडेपाच फुटांच्या मुलीला, ती कितीही नाजूक असली तरी, पेटीट म्हणत नाहीत. ‘थिन’मध्ये ना कौतुक ना टोमणा, पण टायफॉइडमधून उठलेल्या बाईला कुणी ‘यू लुक थिन’ म्हणालं तर त्यात काळजी असते. ‘‘लईच वाळलीस की गं!’’ म्हणतो ना आपण, तशी. आणि ‘स्किनी’ म्हणजे सरळ हडकुळी. अंगाला चिकटलेल्या जीन्सला तो शब्द चालतो, माणसाला जपूनच वापरावा. ‘लीन’ म्हणजे चरबी कमी पण अंगात जोर असलेला. दहावीत एकदम ताडमाड वाढलेलं, हातपाय कुठं ठेवावेत ते न कळणारं पोरगं म्हणजे ‘लँकी’. मात्र आपल्या ‘पाप्याचं पितर’ला तोडीस तोड इंग्रजी शब्द मला तरी अजून सापडलेला नाही.

जाडपणाचे शब्दही असेच. ‘चबी’ शोभतं ते गुटगुटीत बाळाला, ‘प्लम्प’ म्हणजे भरल्या अंगाची, ‘स्टाउट’ म्हणजे ठेंगणी आणि आडव्या बांध्याची. ‘फॅट’ कुणाच्या तोंडावर म्हणायचा नसतो. ‘ओबीस’ हा डॉक्टरांचा शब्द, तो मापं घेऊन ठरतो. आपण मात्र या सगळ्यांना एकच गोड शब्द शोधलाय, ‘हेल्दी’! ‘‘मुलगी जरा हेल्दी आहे’’ हे वाक्य परदेशातल्या पाहुण्याला सांगितलं तर तो म्हणेल, अरे वा, उत्तमच की!

लग्नाच्या फॉर्मात एक शब्द इकडचा तिकडं झाला तर फार तर एखादं स्थळ हुकेल. अंगणवाडीत तसं नाही. तिथं मुलांच्या अंगकाठीसाठी तीन इंग्रजी शब्द चालतात, अंडरवेट, स्टंटेड आणि वेस्टेड. आपण तिन्हींसाठी एकच म्हणतो, ‘बारीक’. अंडरवेट म्हणजे वयाच्या मानानं वजन कमी. स्टंटेड म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी, म्हणजे खुजं. वेस्टेड म्हणजे उंचीच्या मानानं वजन कमी, म्हणजे रोडावलेलं. गंमत बघा, खुजं मूल बारीक दिसतच नाही. चार वर्षांचं असून तीन वर्षांच्या मापाचं दिसतं, आणि आजी म्हणते, ‘‘बापावर गेलंय, आमच्यात सगळे बुटकेच.’’ पण बऱ्याचदा ते पोटात असल्यापासूनच्या उपासमारीचं, वरचेवरच्या जुलाबांचं फळ असतं आणि दोन वर्षांनंतर भरून काढणं फार अवघड जातं. रोडावलेल्या मुलाला मात्र थांबायला वेळच नसतो. साधा न्यूमोनिया, साधे जुलाब त्याच्या जिवावर बेतू शकतात. म्हणूनच अंगणवाडीताई दंडाला ती रंगीत पट्टी लावतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते ‘सॅम’, तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबाराच्या मधलं ‘मॅम’. अशा वेळी ‘आमचं घराणंच सडपातळ’ हे उत्तर चालत नाही.

आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांत सुमारे ३५ खुजी निघाली आणि सुमारे २५ रोडावलेली. आणि राजमाता जिजाऊ मिशन २००५ साली सुरू झालं ते आपल्या मराठवाड्यातूनच, औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून.

आता आणखी एक शब्द सांगते, तो तर आपल्या पुण्यातल्या संशोधनानं गाजवला: ‘थिन-फॅट’. बारीक आणि जाड एकाच वेळी! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण मॅरेथॉन पळणाऱ्या युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांनी अभ्यासली. इंग्लंडमधल्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्या बाळांचं २.७. हातपाय काडीसारखे, पण चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. अशा बाळांना पुढं मधुमेहाचा धोका जास्त. गरोदर सुनेला पोटभर वाढा, असं मी घरोघरी सांगत फिरते ते उगाच नाही.

म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ बीएमआय २३ वरच ओढलीय, गोऱ्या लोकांसाठी ती २५ वर आहे. आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. कंबर म्हणजे परकराची नाडी बांधतो ती जागा नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध, श्वास सोडून मोजायची.

आमच्या बचत गटात शिलाई करणारी एक ताई आहे. मागच्या बैठकीत तिच्याच टेपनं आम्ही सगळ्यांच्या कमरा मोजल्या. हसून हसून पुरेवाट! आमच्यातली सगळ्यात ‘स्लिम’ म्हणून जिचा सगळ्या हेवा करतात, जिला ब्लाउजला कापड कमी लागतं, तिची कंबर भरली ८६. तिनं दोनदा मोजायला लावली. आई आणि थोरला भाऊ दोघंही शुगरवाले. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी ती सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आली.