भविष्याला मधोमध भोक!

दुबईत शॉपिंगशिवाय काय बघायचं, असा प्रश्न पडला असेल तर शेख झायेद रोड गाठा. हिरव्या टेकाडावर ठेवलेली भलीमोठी चंदेरी अंगठी दिसेल. हेच म्युझियम ऑफ द फ्युचर. २२ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झालेलं. उंची ७७ मीटर, आत एकही खांब नाही आणि अंगावर चकाकत्या स्टीलचे १,०२४ तुकडे. त्यावरची अरबी अक्षरं म्हणजेच खिडक्या!

आत शिरलात की थेट २०७१ साल. लिफ्ट म्हणजे म्हणे अंतराळयान! ते तुम्हाला ६०० किलोमीटर उंचीवरच्या 'होप' स्थानकावर सोडतं. तिथं कळतं, की चंद्रावर सौरऊर्जा गोळा करून पृथ्वीला पुरवतायत. एकदम सॉलिड!

मी खरी थबकले ती खालच्या मजल्यावर. ॲमेझॉनचं डिजिटल जंगल ओलांडलं, की अंधाऱ्या दालनात सुमारे २,४०० सजीवांच्या काचेतल्या प्रतिकृती झगमगत असतात. जनुकांचं ग्रंथालय अशी त्यामागची कल्पना. सेल्फीसाठी यासारखी बॅकग्राउंड नाही. मला मात्र जिवंतपणीच फोटो करून हार तयार ठेवल्यासारखं वाटलं.

तक्रार एकच. २०७१ झकास दिसतं, पण मधली वर्षं कुठायत? आपलं करिअर, होम लोन, मुलंबाळं सगळं त्याच वर्षांत तर बसायचंय. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत गेल्या ७५ वर्षांतला विक्रमी पाऊस पडला आणि याच शेख झायेद रोडवर गाड्या पाण्यात अडकल्या. २६ जुलै २००५ अनुभवलेल्या मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

म्हणूनच 'टुमॉरो टुडे' हा मजला चुकवू नका. कचरा, शेती, पाणी, शहर... आज हाताशी असलेले किंवा येऊ घातलेले उपाय इथं मांडलेत. हा मजला शेवटाकडे येतो, तोवर पाय दुखायला लागतात आणि बरेच जण घाईनं सटकतात. तुम्ही सगळ्यात जास्त वेळ इथंच काढा.

आणि हो, इमारतीच्या मधलं ते भोक! आर्किटेक्ट शॉन किला यांच्या कल्पनेत भरीव भाग म्हणजे माणसाला कळलेलं आणि पोकळी म्हणजे अजून न कळलेलं. तिकिटाशिवाय, रस्त्यावरूनही दिसतं. तेवढं तरी बघाच.