कोड म्हणजे निदान नव्हे

वाहनातला विजेचा दोष शोधण्याची सुरुवात बॅटरीपासून होते. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू झाल्यावर तो साधारण १४ व्होल्टपर्यंत चढला नाही, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि जोडण्या तपासाव्या लागतात. वणीच्या कोळसा खाणींवर चालणाऱ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते. तिथे हे आकडे दुप्पट धरायचे.

१ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. बहुतेक दुचाकींतही कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले, त्यामुळे यवतमाळ, पुसद, दारव्ह्याच्या गॅरेजवाल्यालाही स्कॅनर हाताळणे भाग आहे. हा स्कॅनर ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रण संगणकात, साठलेला दोषाचा कोड दाखवतो. पण कोड फक्त कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच सांगतो. सेन्सर निकामी असेल, वायर तुटली असेल, कनेक्टरमध्ये पाणी शिरले असेल किंवा अर्थिंग सैल असेल. कोड पाहून थेट सेन्सर बदलणे ही सर्वांत महाग चूक, आणि तिचा भुर्दंड ग्राहकाला बसतो.

अर्थिंगची परीक्षा सोपी आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनच्या धातूवर ठेवून स्टार्टर मारायचा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर जोडणी खराब.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतला मेकॅनिक मोटर व्हेइकल हा अभ्यासक्रम २ वर्षांचा आहे. तो शिकणाऱ्याने स्कॅनरआधी मल्टिमीटर आणि वायरिंगचा नकाशा पक्का करावा.