पहारेकऱ्यांचे वय

मोठ्या वीज उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मरशेजारी चकत्या रचल्यासारखे दिसणारे उंच खांब उभे असतात. हे लायटनिंग अरेस्टर. वीज पडली किंवा मोठे स्विच उघडले-मिटले की तारांतून जादा दाबाची लाट धावते. तिला जमिनीत वाट करून देणे हे त्यांचे काम. एरवी ते निवांत दिसतात, म्हणून त्यांचे थकणे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आत झिंक ऑक्साइडच्या वड्या असतात. त्यांतल्या सूक्ष्म कणांमधले पातळ थर नेहमीच्या दाबाला वीज अडवतात. दाब वाढताच वाट मोकळी करतात. मोठ्या आघातांनी हे थर कमकुवत होत जातात आणि गळतीचा प्रवाह वाढतो. गळतीने वडी तापते, तापली की आणखी गळते. सील जुने होऊन ओल शिरली, तर ऱ्हास झपाट्याने होतो. त्यामुळे अरेस्टरचे वय नुसत्या वर्षांत मोजता येत नाही. सोसलेले आघातही मोजावे लागतात.

अणुवीज केंद्रात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. अणुभट्टी बंद केल्या क्षणीही पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ टक्के उष्णता निघत असते. ती काढून नेणाऱ्या पंपांना वीज हवीच.

स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात २५ जुलै २००६ रोजी ४०० केव्हीच्या स्विचयार्डात देखभालीच्या कामात शॉर्टसर्किट झाले. दाबाची उसळी आत पोहोचली. अखंड वीजपुरवठ्याच्या चार संचांपैकी दोन बंद पडले. त्यामुळे चारपैकी दोन डिझेल जनित्रे आपोआप जोडली गेली नाहीत. सुमारे २२ मिनिटांनी कर्मचाऱ्यांनी ती हाताने जोडली. तोवर उरलेल्या दोघांनी निभावले.

यात दोष वार्धक्याचा नव्हता. पण मला यातला धडा वार्धक्यालाही लागू वाटतो. एकाच घडणीचे चार संच एकाच फटक्याने कोलमडू शकतात. तसेच एकाच दिवशी बसवलेले चार अरेस्टर साधारण एकाच सुमारास जीर्ण होतात. मग कागदावरचे चार पहारेकरी प्रत्यक्षात एकच ठरतात.

उपाय साधे आहेत: गळतीचा प्रवाह नियमित मोजणे, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहणी करणे आणि अरेस्टर टप्प्याटप्प्याने बदलणे. आपले तारापूर केंद्र १९६९ पासूनचे, तेही समुद्रकाठचे. खारी हवा अरेस्टरच्या आवरणावर मिठाचा थर चढवते, म्हणून किनाऱ्यावर आवरणाची धुलाईही महत्त्वाची. खांब शाबूत दिसतो एवढ्यावर विसंबू नये.