पाच वर्षांत तेहतीस शर्यती

टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली की आपण काय करतो? रिमोट शोधतो. मीही तेच करायचे. नुसती घरघर, त्यात बघायचं काय! पण अमेरिकेतल्या जॅनेट गथ्री या बाईची हकिगत वाचनात आली आणि माझा हात थांबला.

जॅनेटचा जन्म १९३८ चा. वडील वैमानिक. लेकीनेही सतराव्या वर्षीच विमान चालवण्याचा परवाना मिळवला. १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती एका विमान कंपनीत इंजिनिअर झाली. सगळं कसं छान चाललेलं. पण बाईसाहेबांनी जुनी जग्वार गाडी घेतली आणि नोकरी सांभाळून शर्यतींत उतरू लागल्या. इंजिन स्वतः खोलायचं, स्वतःच जोडायचं, पत्राही स्वतःच ठोकायचा. अशी तेरा वर्षं काढल्यावर १९७६ मध्ये तिला मोठ्या मैदानात यायची संधी मिळाली.

हे मैदान म्हणजे ‘स्टॉक कार’ शर्यतींचं. दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, पण आतून शर्यतीसाठी बांधलेली, दीड टनाहून जड गाडी. त्या काळी पॉवर स्टीअरिंग नव्हतं. त्यामुळे लोक म्हणत, बाईच्या मनगटाला हे झेपणार नाही. ३० मे १९७६ ला शार्लट इथली सहाशे मैलांची, म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटरची शर्यत तिने शेवटपर्यंत चालवली आणि पंधरावी आली. गाडी कुणाची होती म्हणाल? बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या लिंडा फेरेरी या बाईंची! मला तर ही गोष्ट पंधराव्या नंबराहून मोठी वाटते.

फेब्रुवारी १९७७ मध्ये डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत झाली. त्यात उतरणारी जॅनेट ही पहिली स्त्री. दहाएक फेऱ्या उरल्या असताना ती आठवी होती. तेवढ्यात इंजिनाचे दोन सिलिंडर बंद पडले. तरी तिने गाडी रेटली, बारावी आली आणि त्या दिवशीच्या नवोदितांत पहिली ठरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला ती सहावी आली. तिथला ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, वळणं वाटीच्या कडांसारखी उभी, आणि फेऱ्या चारशे. उन्हाळ्यात बंद गाडीत बसून! आपल्याला गॅसपुढे तासभर उभं राहिलं तरी जीव नकोसा होतो.

मधल्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या शर्यतीत एक गंमत झाली. तिथल्या गाड्या वेगळ्या, खुल्या चाकांच्या. ‘सद्‌गृहस्थहो, इंजिनं सुरू करा’ अशी पुकार करायची तिथली जुनी रीत. आता मैदानात बाई आली, मग काय पुकारायचं? व्यवस्थापकांनी शक्कल लढवली : इंजिन चालक सुरू करत नाही, बाहेर उभा असलेला मेकॅनिक करतो, आणि तो पुरुषच असतो. जॅनेटच्या चमूने मग स्टार्टर धरायला के बिग्नोटी या बाईलाच उभं केलं. झालं, पळवाट बंद! शेवटी पुकारेत तिचा उल्लेख करावाच लागला. पुढच्या वर्षी तर मनगटाचं हाड मोडलेलं असताना, कुणाला कळू न देता, ती तिथे नववी आली. मनगटाची भाषा करणाऱ्यांनी यावर काय म्हटलं असेल कोण जाणे.

एवढं सगळं करून १९७६ ते १९८० या पाच वर्षांत तिच्या वाट्याला स्टॉक कारच्या मुख्य मालिकेतल्या शर्यती आल्या किती? फक्त तेहतीस. त्या काळी एका वर्षातच तीसेक शर्यती व्हायच्या. म्हणजे कारकीर्द अर्धवेळच. आमच्या बचत गटातल्या बायका ‘आम्ही काय, फावल्या वेळात करतो’ असं ओशाळून सांगतात, तेव्हा मी विचारते, अगं, पूर्णवेळ का नाही? उत्तर ठरलेलं : भांडवल कुठंय? जॅनेटचंही तेच झालं. शर्यतीची गाडी, टायर, इंजिनं, मेकॅनिक यांचा खर्च प्रायोजक कंपन्या उचलतात आणि बदल्यात गाडीवर आपलं नाव रंगवतात. १९७७ मध्ये तिच्या गाडीवर ‘केली गर्ल’ हे नाव होतं. ऑफिसांना हंगामी टायपिस्ट आणि कारकून बायका पुरवणारी कंपनी ही! पुढे मात्र तिने कंपन्यांची दारं ठोठावली, आणि पैसा काही आला नाही. १९८० नंतर तिची गाडी थांबली ती त्यामुळे, मनगटामुळे नव्हे.

तिचा हेल्मेट आणि पोशाख आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २००५ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. जानेवारी २०२४ मध्ये स्टॉक कारवाल्यांच्या ‘नॅसकार’ संस्थेने तिला मानाचा ‘लँडमार्क’ पुरस्कार दिला, तेव्हा ती पंच्याऐंशी वर्षांची होती.

ब्रिस्टलच्या त्या सहाव्या नंबराची बरोबरी करायला दुसऱ्या बाईला ३७ वर्षं लागली. २०१४ मध्ये अटलांटात डॅनिका पॅट्रिक सहावी आली. तिला पूर्ण हंगाम मिळत होते, गाडीवर मोठमोठी नावं होती. पण २०१७ च्या सुरुवातीला तिच्याही एका मोठ्या प्रायोजकाने अंग काढून घेतलं, आणि ते वर्ष तिचंही पूर्णवेळ शर्यतींचं शेवटचं ठरलं.