एका घरामागे किती घरं?

शितावरून भाताची परीक्षा आपण निर्धास्त करतो, कारण पातेलं एक आणि आचही एक. देशभरातल्या घरांची पाहणी करायची तर पातेली शेकडो असतात. कुठे वाटीएवढं, कुठे लग्नघरातल्या हंड्याएवढं. प्रत्येकातून मूठ-मूठ भात घेऊन कालवला, तर वाटीची चव हंड्यावर चढून बसणारच.

२०१९ ते २०२१ या काळात झालेलं पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणच घ्या. त्याची सूत्रं मुंबईत, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होती. देशातल्या ६,३६,६९९ कुटुंबांकडून माहिती घेतली गेली. त्यांत महाराष्ट्रातली ३१,६४३ आणि गोव्यातली १,८५६. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या गोव्याच्या ७७ पट होती. पाहणीतली घरं मात्र जेमतेम १७ पट. ढोबळ हिशेब केला, तर गोव्यात ७८६ माणसांमागे एक घर निवडलं गेलं, महाराष्ट्रात ३,५५० माणसांमागे एक.

यात कुणाची चूक नाही. ७०७ जिल्ह्यांपैकी प्रत्येकाचं चित्र स्वतंत्रपणे हवं होतं. लोकसंख्येच्या प्रमाणात घरं वाटली असती, तर लहान जिल्ह्याच्या वाट्याला इतकी थोडी आली असती, की तिथल्या मुलांच्या कुपोषणाबद्दल खात्रीने काहीच बोलता आलं नसतं. म्हणून लहानांना जाणूनबुजून झुकतं माप दिलं. देशाची सरासरी काढताना मात्र ते माप परत सरळ करावं लागतं, आणि ते काम भारांक करतो.

त्यामागचं गणित शाळकरी आहे. एखादं गाव निवडलं जाण्याची शक्यता दहात एक, आणि त्या गावातलं एखादं घर निवडलं जाण्याची शक्यताही दहात एक असेल, तर ते घर पाहणीत येण्याची शक्यता शंभरात एक. मग त्याचा भारांक शंभर. ते स्वतःसकट शंभर घरांच्या वतीने बोलतं. या सर्वेक्षणात प्रत्येक निवडलेल्या गावात किंवा शहरी गटात आधी घरयादी करून, त्यातून ठरावीक अंतराने २२ घरं घेतली गेली. समजा, त्यांतल्या दोन घरांना कुलूप निघालं, तर त्यांचा भार उरलेल्या वीसांवर येतो आणि प्रत्येकाचा भारांक एक दशांशाने वाढतो.

इथे मला थांबावंसं वाटतं. कुलूप लावून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची परिस्थिती घरी राहिलेल्या शेजाऱ्यासारखी असेलच असं नाही. भारांक बंद घराची संख्या भरून काढतो, त्याची कहाणी नाही. म्हणूनच कुलूप दिसलं तरी त्या दारी पुन्हा जाणाऱ्या प्रगणकाच्या पायपिटीला गणिताइतकंच मोल आहे.

सर्वांत नाजूक हिशेब कौटुंबिक हिंसेच्या प्रश्नांचा. हे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच. घरातल्या दुसऱ्या कुणाला विषय कळला, तर तिच्याच जिवावर बेतू शकतं. घरात सासू, सून आणि जाऊ अशा तिघी पात्र असतील, तर चिठ्ठी एकीच्याच नावाची निघते. तिची निवड होण्याची शक्यता एक तृतीयांश, म्हणून तिच्या उत्तराचा भार तिप्पट धरतात. ती दार लोटून घेऊन हलक्या आवाजात बोलते तेव्हा बाहेर भाकऱ्या थापणाऱ्या दोघी, ज्यांना कुणी काहीच विचारलेलं नाही, त्याही मोजणीत आलेल्या असतात.