शिंगखत आणि ओळखीपाळखी

म्हैसूरच्या परिसरात कोणी बायोडायनॅमिक शेती, म्हणजे खास मुरवलेल्या द्रव्यांवर चालणारी सेंद्रिय शेती, करायची ठरवली, तर पहिली अडचण जमिनीची नसते, ओळखीपाळखीची असते. गाय असते, शेण असतं, खड्ड्याला जागा असते. पण कंपोस्टमध्ये मिसळायच्या सहा द्रव्यांपैकी बहुतेकांच्या वनस्पती थंड प्रदेशातल्या: यॅरो, कॅमोमाइल, डँडेलियन, व्हॅलेरियन. साडेसातशे मीटर उंचीच्या म्हैसूरला त्या फारशा मानवत नाहीत. कोडाईकनालला किंवा कुमाऊंच्या डोंगरात मानवतात. त्यात यॅरोची फुलं नर हरणाच्या मूत्राशयात आणि ओकची साल पाळीव जनावराच्या कवटीत भरून मुरवायची. एकट्या शेतकऱ्याने हे जमवायचं कुठून? म्हणून तयार द्रव्यं कोणाकडून तरी मागवावी लागतात.

या शेतीचा उगमच मुळी एका बैठकीतला. जून १९२४ मध्ये तेव्हा जर्मनीत आणि आता पोलंडमध्ये असलेल्या कोबरविट्झला ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी आठ व्याख्यानं दिली. ऐकायला आलेल्या शेतकऱ्यांनी तिथेच प्रयोगमंडळ काढलं आणि आधी शेतात करून पाहायचं, मग जगाला सांगायचं असं ठरवलं. भारतात ही पद्धत रुजवण्यात मोठा वाटा न्यूझीलंडच्या पीटर प्रॉक्टर यांचा. १९९३ मध्ये इंदूरच्या टी. जी. के. मेनन यांच्या बोलावण्यावरून ते आले आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिले. १९९९ मध्ये बायोडायनॅमिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली.

या शेतीतलं शिंगखत करणं तसं सोपं. व्यालेल्या गाईचं शिंग घ्यायचं. बैलाचं चालत नाही. त्यात ताजं शेण ठासून भरायचं, पावसाळा सरताना पुरायचं आणि मार्चच्या सुमारास उकरायचं. नीट मुरलं असेल तर शेणाचा वास गेलेला असतो, ओल्या मातीचा येतो. एकरी २५ ग्रॅम खत तेरा-पंधरा लिटर पाण्यात घालून तासभर ढवळायचं: एका दिशेने खोल भोवरा पडला की काठी उलट फिरवायची. भोवरा किती खोल हवा, शिंगातला गोळा कच्चा राहिला तर तो कसा ओळखायचा, हे पुस्तकातून कळत नाही. ज्याने चार हंगाम खत उकरलंय, त्याच्या शेजारी बसूनच ते कळतं.

शिंगखताच्या जोडीला सीपीपीही करतात, म्हणजे गाईच्या शेणाचा छोटा खड्डा. साठ किलो शेणात अंड्यांच्या टरफलांची भुकटी, बेसॉल्टची पूड आणि ती सहा द्रव्यं. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या दगडाला काय तोटा! म्हैसूरचा खडक मात्र प्रामुख्याने नीस जातीचा. तिथल्या शेतकऱ्याला ही पूडही शोधावी लागते, नाहीतर बेंटोनाइट मातीवर भागवावं लागतं.

या पद्धतीत पेरणीसाठी चंद्राची रासही पाहतात, पण चंद्र कोणत्या राशीत असताना पेरावं, हे मला अजून पटलेलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये थेरविलला १९७८ पासून चाललेल्या तुलनात्मक चाचणीत बायोडायनॅमिक वाफ्यांतली माती जिवंत आणि सकस आढळली, उत्पादन मात्र रासायनिक शेतीपेक्षा साधारण वीस टक्क्यांनी कमी भरलं. त्या मातीचं श्रेय शिंगाला द्यायचं की नुसत्या भरपूर कंपोस्टला, हा वाद मिटलेला नाही.

पण गाठीभेटींतून शिकण्याचा भाग पटतो, कारण तो आपल्याकडे वेगळ्या वाटेने येऊन गेला आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारात ना शिंगं होती, ना राशी. एकाने आपल्या बागेत पाहिलेलं दुसऱ्याने आपल्या बागेत पडताळायचं आणि फरक सांगायचा, एवढीच रीत. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांनी छाटणीपासून मुळांपर्यंत कितीतरी गोष्टी अशाच एकमेकांकडून उचलल्या. बायोडायनॅमिकवाले दोन बाबतींत वेगळे: त्यांचा गुरू परदेशी, आणि त्यांना ज्ञानाबरोबर मालही एकमेकांकडून घ्यावा लागतो. डोंगरातल्या कोणाचा यॅरोचा हंगाम बुडाला, तर त्या वर्षी पठारावरच्या खड्ड्यालाही तो कमी पडतो.